मदत हवी आहे: किट कारचे वायपर रखडतात, अधिक ताकदीची कोणती मोटर बसवावी?

सुसाट
माझ्या दोन आसनी किट स्पोर्ट्स कारचे, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेल्या गाडीचे, वायपर फारच मंद चालतात. भुरभुर पावसात ते काचेच्या मध्यावर येऊन रखडतात आणि स्विच बंद केला की खाली न बसता असतील तिथेच थांबतात. मोटर बदलायचे माझे ठरलेले आहे, त्यामुळे ती साफ करून पाहण्याचे सल्ले कृपया नकोत. अधिक ताकदीची कोणती मोटर बसेल आणि वायपर थांबून थांबून चालण्याची सोय तिच्याबरोबर कशी करता येईल, एवढेच सांगावे. पावसाचे दिवस जवळ आले आहेत.

दहाचा पाना
सध्याची मोटर कोणती, बॉडी पत्र्याची की फायबरची, मोटरपासून वायपरपर्यंत दांड्यांचे लिंकेज आहे की नळीतून जाणारी रॅक केबल, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर मोटर सुचवणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध देणे होय.

सुसाट
बॉडी अर्थातच फायबरग्लासची आहे. किट कार म्हटल्यावर ते वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. मोटर जुन्या गाडीतून काढलेली, लुकास कंपनीची १४ डब्ल्यू या मॉडेलची आहे. नळीतून केबल आणि दोन व्हीलबॉक्स (केबल सरकली की वायपर फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या डब्या) आहेत, काच सपाट आहे. आता मोटर सांगावी.

आर्मेचर
लुकासची १४ डब्ल्यू ही सहसा दोन वेगांची आणि छोट्या सपाट काचेसाठी पुरून उरणारी मोटर आहे, त्यामुळे तिच्याहून ताकदवान मोटर शोधण्याची गरज का पडावी हे मला समजत नाही. केबल सोडवून ती नुसती फिरवल्यास कमी वेगावर सुमारे दीड अँपिअर आणि जास्त वेगावर दोन अँपिअर प्रवाह घेते. फेऱ्या मिनिटाला कमी वेगावर ४६ ते ५२ आणि जास्त वेगावर ६० ते ७० पडतात. आधी केबल सोडवून हे आकडे घ्यावेत. ते जुळले तर मोटर निर्दोष आहे आणि दोष तिच्या पुढे किंवा मागे आहे, म्हणजे एक तर यंत्रणेत किंवा वायरिंगमध्ये.

भुंगा
रॅक केबल हा प्रकारच कालबाह्य आहे. मी माझ्या गाडीतून ती काढून एका आधुनिक छोट्या मोटारीचे लिंकेज मोटरसकट बसवले आणि तेव्हापासून वायपर हा विषयच संपला. आपणही तेच करावे. नळ्या आणि व्हीलबॉक्स यांच्या मागे लागून काहीही हाती लागणार नाही.

दहाचा पाना
भुंगा, आपल्या गाडीत डॅशबोर्डमागे जागा असेल. बहुतेक किट कारमध्ये तिथे हीटर, वायरिंग आणि स्टिअरिंगचा दांडा यांतून हातही धड जात नाही, आणि लिंकेजच्या दांड्यांना तर दोन्ही बाजूंना हलायला मोकळी जागा लागते. रॅक केबलचा सगळा फायदाच असा की मोटर वाटेल तिथे ठेवून अरुंद जागेतून फक्त एक नळी न्यावी लागते. शिवाय दोन स्पिंडलमधले (वायपरचे हात ज्यांवर बसतात त्या दांड्यांमधले) अंतर दुसऱ्या गाडीच्या लिंकेजशी जुळवण्यासाठी स्कटलला, म्हणजे काचेखालच्या बॉडीच्या भागाला, नवी भोके पाडावी लागतील, हे आपण सांगितले नाही.

भुंगा
भोके पाडावी लागली हे खरे आहे. फायबरमध्ये ती पाच मिनिटांत पडतात.

तारतम्य
भोकांचा वाद तूर्त बाजूला ठेवावा. फायबरच्या बॉडीतून प्रवाह परत जात नाही, शिवाय १४ डब्ल्यू रबरी गादीवर पट्टीने आवळलेली असते, म्हणजे पत्र्याच्या गाडीतही तिला अर्थची, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी, स्वतंत्र वायर लागतेच. सुसाट यांना दोन प्रश्न आहेत. हेडलाइट लावल्यावर वायपर आणखी मंद होतात का, आणि मोटरच्या प्लगमध्ये नेमक्या किती वायर जोडलेल्या आहेत?

सुसाट
हेडलाइट लावले की वायपर जवळजवळ थांबतात. त्याचा या प्रश्नाशी संबंध असेल असे वाटले नाही. प्लगमध्ये पाच जागा असून चार वायर आहेत, एक जागा पहिल्यापासून रिकामी आहे.

तारतम्य
आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ इथे असावे. हेडलाइट आणि वायपर एकाच बारीक अर्थ वायरवर असतील, तर दिव्यांचा प्रवाह त्या वायरमध्ये व्होल्टेज खातो आणि मोटरला उरलेल्यावर भागवावे लागते. वायपर चालू ठेवून मीटरचे एक टोक मोटरच्या अर्थ जोडणीला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर तिथेच थांबावे आणि आधी अर्थ सुधारावा.

रिकामी जागा बहुधा पार्क स्विचच्या पुरवठ्याची आहे. मीटरने खात्री करून घ्यावी. मोटरच्या आत एक छोटा स्विच असतो. वायपर बंद केल्यावर तो मोटरला खाली बसेपर्यंत पुरवठा देत राहतो आणि पाती जागेवर आली की मोटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडून तिला ब्रेक लावतो. त्या स्विचला इग्निशनमागून फ्यूजमार्गे कायम पुरवठा नसेल, तर स्विच बंद करताच मोटर जागच्या जागी थांबणार.

निवांत
मी काच आणि वायपर दोन्ही काढून चालकापुढे फक्त छोटी वारारोधक काच लावली आणि चष्मा वापरतो. गाडी हलकी झाली, दिसतेही सुरेख.

दहाचा पाना
निवांत, त्यांनी वायपर कसे चालवावेत हे विचारले आहे, ते कसे काढावेत हे विचारलेले नाही.

सुसाट
मोजमापे घेतली. केबल सोडवून मोटर १.६ अँपिअर घेते, केबल जोडून ओल्या काचेवर ४.५. हेडलाइट लावून बॅटरीवर १२.४ व्होल्ट असताना मोटरवर ९.८ मिळाले आणि वाटेत हरवलेल्या २.६ पैकी १.९ व्होल्ट एकट्या अर्थमध्ये जात होते. मोटरपासून बॅटरीपर्यंत जाड स्वतंत्र अर्थ ओढली आणि पाचवी वायरही जोडली. वायपर आता खाली बसतात. वेग वाढला आहे, पण पुरेसा नाही.

आर्मेचर
१.६ वरून ४.५ पर्यंतची वाढ घर्षणाची आहे. मोटर बदलली असती तर नवी मोटरही तेवढीच दमली असती. वायपरचे हात उतरवून केबलच्या मोटरकडच्या टोकाला स्प्रिंगचा तराजू अडकवून ओढावे. मूळ कार्यशाळा पुस्तिकांत यासाठी कमाल ६ पौंड, म्हणजे २.७ किलो, एवढी मर्यादा दिलेली आहे. त्याहून जास्त लागल्यास नळीचे तीव्र वळण, दबलेला भाग किंवा आत वाळून घट्ट झालेले ग्रीस यांपैकी काहीतरी सापडेल. केबल रॉकेलने धुऊन लिथियम ग्रीस लावावे, तेल नको. व्हीलबॉक्सच्या चाकाचे दाते फक्त एकाच कमानीत झिजतात, त्यामुळे केबल बाहेर असतानाच स्पिंडल अर्धा फेरा फिरवून घेतल्यास न झिजलेले दाते वापरात येतात.

दहाचा पाना
यात एक भर घालतो. फायबरचा स्कटल वाकडा असतो, त्यामुळे व्हीलबॉक्सखाली उताराचे (एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ) वॉशर नसतील तर नट आवळताना स्पिंडल कलंडते आणि दोन व्हीलबॉक्समधली नळी पिळली जाते. नट ढिले करून केबल ओढून पाहावी. तराजूचा आकडा लगेच उतरला तर दोष तिथेच आहे.

सुसाट
अगदी तसेच निघाले. नट आवळलेले असताना पाच किलोहून अधिक ताण लागत होता, ढिले करताच तो निम्म्याच्याही खाली आला. उताराचे वॉशर कापून बसवले आहेत आणि कमी वेगावरही काच आता स्वच्छ होते. आता थांबून थांबून चालण्याची सोय सांगावी. इंडिकेटरचे दिवे लुकलुकवणारा साधा फ्लॅशर रिले कमी वेगाच्या वायरवर लावला तर चालेल ना?

तारतम्य
कृपया तसे करू नये. वायपर बंद असताना ती वायर पार्क स्विचमधून थेट अर्थला जोडलेली असते, त्यामुळे फ्लॅशरने तिच्यावर १२ व्होल्ट दिले की फ्यूज उडेल. दोन बाजूंना संपर्क करणारा इंटरमिटंट (थांबून थांबून चालवणारा) रिले घ्यावा आणि तो मोटर व स्विच यांच्यामधल्या पार्कच्या वायरमध्ये बसवावा. विश्रांतीत तो ही वायर जोडलेलीच ठेवतो, ठरावीक वेळाने क्षणभर तिला पुरवठ्याशी जोडतो आणि लगेच सोडतो. पुढचा फेरा मोटर स्वतःच्या पार्क स्विचवर पूर्ण करते. पाचव्या वायरशिवाय हा रिले निरुपयोगी ठरला असता.

भुंगा
एवढे काम झालेच आहे तर मोटरमधला गिअर १३० अंशांचा, म्हणजे पाते तेवढ्या कोनातून फिरवणारा, बसवावा, म्हणजे काचेचा अधिक भाग पुसला जाईल.

आर्मेचर
सध्याच्या गिअरवर अंश कोरलेले असतात, ते आधी वाचावेत. ११० वरून १३० वर गेल्यास तेवढ्याच वेळात पात्याला अधिक अंतर कापावे लागते, भार वाढतो, आणि अरुंद काचेवर पाते चौकटीवर आपटण्याचीही शक्यता असते. हात उचलून धरून स्पिंडल हाताने तेवढे फिरवून पाहावे. पाते चौकटीपासून बोटभर लांब राहत असेल तरच गिअर मागवावा, आणि मागवताना वायपर कोणत्या बाजूला बसतात तेही कळवावे, कारण त्यानुसार गिअर वेगळा येतो.