प्रतिसाद: वाचन मागे पडलंय, पण…

ताई, तुम्ही लिहिलंय की वर्षभराच्या बायबल-वाचनाचा तक्ता लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात अडकला आणि आता बायबल उघडतानाच अपराधी वाटतं. अहो, एकूण 1189 अध्याय, म्हणजे रोजचे तीन-चार. घर, डबे, नोकरी सांभाळून चुकणारच. मी दोनदा सुरू केलं, दोनदा सोडलं.

आता तारखेप्रमाणे बायबलमधल्याच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचा एकच अध्याय वाचतो. 31 अध्याय आहेत, महिना बरोबर भरतो. एखादा दिवस बुडाला तर बुडाला, पुढच्या महिन्यात तोच अध्याय परत येतो.

आमचं किराणा दुकान आहे. 11 तारखेला अकरावा अध्याय निघाला आणि पहिलंच वचन खोट्या तराजूबद्दल! आमच्याकडे काजू-बेदाणे स्टीलच्या वाटीत तोलतात. गर्दीत वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा कंटाळा, म्हणून वाटीचे 40 ग्रॅम गिऱ्हाइकाच्या माथी. फसवायचं असं मनात नव्हतं, पण व्हायचं तेच. त्या दिवशी आधी काटा नीट केला. पोराला का ते सांगितलं नाही, त्यानंच विचारलं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आरशाची गोष्ट सांगितलीय: तोंड बघून निघून गेलेला माणूस आपण कसे दिसतो तेच विसरतो. माझं वाचन बरीच वर्षं तसंच चाललं होतं. (उपदेश ऐकताना मात्र कायम शेजाऱ्याचंच तोंड दिसायचं!)

भाषा जड वाटत असेल तर पंडिता रमाबाईंचं सोप्या मराठीतलं भाषांतर मिळालं तर बघा. लेवीय राहू द्या तूर्त. आज तारीख कोणती, तेवढं बघा.