नोबेल मिळालं म्हणून मेंदू कळला का?

फोंडेकर मास्तर: २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हॉपफील्ड आणि हिंटन यांना मिळालं, तेव्हापासून 'स्मरणाचं कोडं सुटलं' हे ऐकून कान किटले. आठवणी कशा साठतात हे दाखवणाऱ्या हॉपफील्डच्या १९८२ च्या मॉडेलमधला न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, फक्त चालू किंवा बंद. जोडण्या दोन्ही दिशांना सारख्याच. खऱ्या मेंदूत असं कुठे असतं? सी. एलेगन्स या किड्याच्या ३०२ न्यूरॉनांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ पासून हातात आहे, तरी किडा पुढे काय करील ते नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. गणित सुंदर आहे, पण तो मेंदू नव्हे.

ताळगांव पठार: मास्तर, नकाशा पुरत नाही हा तर सिद्धांताच्या बाजूचाच मुद्दा झाला! जोडण्या बदलतात कशा, हे सिद्धांतच सांगतो. एकत्र चालणाऱ्या न्यूरॉनांमधली जोडणी बळकट होते, हे मानसशास्त्रज्ञ हेबने १९४९ मध्ये मांडलं. सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागात, अशी बळकटी तासन्‌तास टिकते, हे ब्लिस आणि लोमो यांनी छापलं १९७३ मध्ये.

फोंडेकर मास्तर: हेब मान्य. हॉपफील्डचं बोला. त्याच्या मॉडेलात हजार न्यूरॉनांत साधारण १३८ नमुने, म्हणजे आठवणी, मावतात. त्याहून जास्त कोंबले की जुनेही सगळे जातात. आमच्या जत्रेच्या नाटकातले नट दरवर्षी नवी भूमिका पाठ करतात. त्यापायी कुणाची सगळी जुनी नाटकं पुसली गेलेली मी पाहिली नाहीत. (प्रॉम्प्टरला विचारा हवं तर.)

ताळगांव पठार: मॉडेल कुठे मोडतं ते आकड्यानिशी कळलं, म्हणून तर पुढचं सुचलं. १९८६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पारिसी यांनी जोडणीच्या ताकदीला मर्यादा घातली. मग नवं शिकता येतं, जुनं पुसट होत जातं.

फोंडेकर मास्तर: उलटंच झालं की! आमच्या म्हाताऱ्या नटाला तरुणपणीची पदं तोंडपाठ, कालचं वाक्य मात्र आठवत नाही.

कुर्ली-कालवण: दोघंही एकाच 'बरोबर' मॉडेलच्या मागे लागलात. ईव्ह मार्डर यांच्या गटाने २००४ मध्ये शेवंडाच्या पोटाची लय चालवणाऱ्या मज्जामंडलाची दोन कोटींवर मॉडेलं संगणकावर चालवली. अगदी वेगवेगळ्या मांडण्यांतून जवळजवळ तीच लय निघाली. हे स्मरण नव्हे, मान्य. पण तीन पेशींच्या मॉडेलची ही गत, तर उत्तर जुळलं म्हणजे यंत्रणाही तीच, असं कसं म्हणायचं?

फोंडेकर मास्तर: कुर्ली माझ्या बाजूची दिसते.

कुर्ली-कालवण: नाही सर, मॉडेल चालवल्याशिवाय हे कळलं कसं असतं?

ताळगांव पठार: मास्तरांच्या नटाबद्दल: फूसी, ड्रू आणि अ‍ॅबट यांच्या २००५ च्या मॉडेलात एकाच जोडणीला अनेक पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर ती चटकन बदलते, खोल उतरली की सहसा हलत नाही. नटाची जुनी पदं खोल उतरलेली.

फोंडेकर मास्तर: त्या पायऱ्या खऱ्या जोडणीत मोजून दाखवा, मग बोलू.