खाणीचं पावसाळी पाणी: तळं मोठं करायचं की पाणी वेगळं काढायचं?

तापीकाठ
खान्देशात कोळशाची खाण नाही, दीपनगरच्या वीज केंद्राचा कोळसाही वाघिणींनी बाहेरून येतो. पण ग्रुपमधले बरेच जण वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात खाणींच्या ड्रेनेजची कामं करतात म्हणून विषय काढतो. नाल्यात काळं पाणी गेलं, तक्रार आली की उपाय ठरलेला: सेटलिंग तळं, म्हणजे गाळ खाली बसवायचं तळं, मोठं करा. माझ्या मते पैसा चुकीच्या ठिकाणी जातो.

हिशोब बघा. २० हेक्टर क्षेत्र, तासाला ५० मिमी पाऊस, वाहून येण्याचं प्रमाण ०.६ धरलं तर प्रवाह सेकंदाला १.६७ घनमीटर. १० मायक्रॉनचा (मिलिमीटरचा शंभरावा भाग) कोळशाचा कण सेकंदाला जेमतेम ०.०२ मिमी खाली बसतो. कोळसा हलका, त्यामुळे तेवढाच वाळूचा कण याच्या चौपट वेगाने बसतो. वाहत्या पाण्यात हा कण पकडायचा तर तळ्याचं पृष्ठफळ आठ हेक्टरच्या वर लागेल. देणार कोण?

त्यापेक्षा वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी गारलँड ड्रेनने, म्हणजे खाणीभोवती खोदलेल्या चराने, परस्पर नाल्यात काढा. २० पैकी १२ हेक्टर असं बाहेर पडलं तर गढूळ पाणी उरतं ८ हेक्टरचं.

गाळवाला
दादा, गणित बरोबर, पण तळं कसं वापरायचं तेच चुकतंय. वाहतं कशाला ठेवता? तुमच्याच तासाभराच्या पावसाचं पाणी होतं ६००० घनमीटर. ५० बाय ४० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात ते मावतं. वर अर्धा मीटर मोकळा काठ आणि सांडवा वेगळा. पाणी कोंडा, बसू द्या, मग वरचं निवळ तरंगत्या तोंडाच्या पाइपने सोडा. तळाशी व्हॉल्व्ह बसवला की पहिल्यांदा गाळच बाहेर येतो, हे किती ठिकाणी चाललंय ते मोजून बघा.

बारीक चिकणमाती राहिली तर तुरटी आहेच. जार टेस्टमध्ये (भांड्यांत तुरटी घालून डोस ठरवायची चाचणी) लिटरला ४० मिग्रॅ बसली तर त्या तळ्याला २४० किलो. तापीच्या पुराचं पाणी घरोघरी असंच निवळतात.

तापीकाठ
कोंडून ठेवायला दोन पावसांमध्ये उघडीप लागते, भाऊ. २ मायक्रॉनचा मातीचा कण दिवसाला ३० सेंमीच उतरतो. वरचं दीड मीटर पाणी निवळायलाच पाच दिवस झाले. झड लागली की तिसऱ्या दिवशी सांडवा वाहतो आणि तुमचं तळं पुन्हा वाहतंच होतं. तुरटीचंही तसंच. ती मिसळायला इनलेटला जोराची खळबळ आणि पुढे संथ ढवळणी लागते. पोती काठावरून ओतणं म्हणजे डोसिंग नव्हे. ४० मिग्रॅ तुरटी पाण्याची सुमारे २० मिग्रॅ क्षारता (आम्ल पचवायची ताकद) खाते. पावसाच्या पाण्यात आधीच ती कमी, मग सामू (pH) घसरतो आणि फ्लॉक, म्हणजे गाळाचे गोळे, बनतच नाहीत.

मुरूमगाडी
गारलँड ड्रेनची बाजू घेणाऱ्यांना एक विचारतो. जुलैत ड्रेन जागेवर असतो का? काळ्या मातीत खोदलेला कच्चा चर उन्हाळ्यात भेगाळतो आणि पहिल्या जोरदार पावसात काठ ढासळतात. चर हॉल रोड (डंपरचा रस्ता) ओलांडतो तिथे ह्यूम पाइप (सिमेंटचा गोल पाइप) डंपरने सांडलेल्या मुरमाने तुंबतो. पाणी रस्त्यावरून पलटी मारतं आणि स्वच्छ पाणी कोळशाच्या पाण्यात मिसळतं. वेगळं काढायला केलेला खर्च तिथेच वाहून जातो.

डंपच्या (खाणीतून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाच्या) पायऱ्यांना आतल्या बाजूला उतार देतात, तो योग्यच. पण लांबीच्या दिशेने उतार देऊन पाणी दगडी चुटमध्ये (खाली उतरणाऱ्या पक्क्या चरात) नेलं नाही तर ते पायरीवर साचून आत मुरतं. डंप काळ्या मातीवर उभा असेल तर पायथा फुगतो आणि सरकतो. एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवूनही.

तापीकाठ
बरोबर भो, पण ही देखभालीची चूक, पद्धतीची नाही. वळणांवर पिचिंग (दगडी अस्तर) करा, क्रॉसिंगला पाइपऐवजी बॉक्स कल्व्हर्ट (चौकोनी मोरी) टाका. पर्यावरण मंजुरीच्या अटींतच ड्रेन आणि संप (पाणी साठवायचा खड्डा) अचानक येणाऱ्या कमाल पावसापेक्षा ५० टक्के जास्त धरून करायला सांगतात. फाइलमध्ये ते असतं, चराच्या रुंदीत नसतं.

सामू सात
दोघेही गाळावरच अडकलात. आपल्याकडच्या गोंडवाना कोळशात गंधक बहुधा टक्क्याच्या आत असतं म्हणून आपण सुटतो. तरी पायराइटचा (लोह-गंधकाचं खनिज) पट्टा लागला तर पाणी आम्ल होतं, आणि ते कितीही कोंडलं तरी सुधारत नाही. पायराइटमधल्या १ किलो गंधकाला सव्वातीन किलोच्या आसपास चुनखडी लागते. तीही उघड्या चरात पसरली की लोहाचा तांबूस थर चढून निकामी होते. असा पायराइटवाला दगड डंपच्या पोटात, मातीच्या थराखाली दाबणं हाच खरा उपाय.

गाळवाला
मान्य, पण ते खाणीच्या नियोजनाचं काम झालं, ड्रेनेजवाल्याच्या हातात नाही.

मोजणीचं मात्र आपल्या हातात आहे. २००० सालच्या मानकानुसार निलंबित घन (पाण्यात तरंगणारे कण) लिटरला १०० मिग्रॅपर्यंत, तेल-ग्रीस १० मिग्रॅ, सामू ५.५ ते ९. नमुना मात्र उघडीप असताना दुपारी घेतात. पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासाचा घ्या, मग कळेल. आणि गढूळपणाच्या मीटरवर विसंबू नका. कोळशाचे काळे कण प्रकाश परत फेकत नाहीत, गिळतात, म्हणून आकडा कमी दिसतो. नमुना गाळून कागद १०५ अंशांवर वाळवून वजन करणं हेच खरं.

तापीकाठ
नमुन्याचं शंभर टक्के. तळ्याचं मला अजून पटलेलं नाही. एवढंच सांगा, मेअखेर उपसलेला गाळ कुठे टाकता? बहुतेक ठिकाणी तो तळ्याच्याच काठावर दिसतो.

गाळवाला
बॅकफिलच्या खड्ड्यात, म्हणजे कोळसा काढून झालेला जो खड्डा परत भरतात त्यात. काठावर टाकणारे पहिल्याच पावसात तोच गाळ पुन्हा उपसतात आणि बिल दोनदा लावतात.