मॉन्ट्रियलनं पहिला कोणाला घ्यावा? मी म्हणतो स्लाफ्कोव्स्की

लाशीनकर (२ जुलै २०२२)

येत्या गुरुवारी, ७ जुलैला, आपल्याच बेल सेंटरमध्ये एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या आइस हॉकी लीगचा, ड्राफ्ट आहे. त्यात संघ नव्या तरुण खेळाडूंना पाळीपाळीनं निवडतात. गेल्या वर्षी याच तारखेला आपण, म्हणजे मॉन्ट्रियल कनेडियन्स, टँपाविरुद्ध स्टॅन्ली कपची (लीगच्या विजेतेपदाची) अंतिम मालिका हरलो होतो. त्यानंतरच्या मोसमात ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकून ३२ संघांत शेवटचे आलो. मे महिन्यात पहिली निवड कुणाची याच्या सोडतीत आपला नंबर लागला आणि १९८० नंतर पहिल्यांदाच पहिली निवड कनेडियन्सच्या हातात आली.

इथल्या मराठी मंडळींत रोज यावरच बोलणं चाललंय. बहुतेक जण शेन राइट म्हणतात. माझा कौल युराय स्लाफ्कोव्स्कीला आहे. का, ते सांगतो.

राइटचं नाव आपण तीन वर्षं ऐकतोय. २०१९ मध्ये त्याला वयाच्या पंधराव्या वर्षी ओएचएलमध्ये (ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये) खेळायची खास परवानगी मिळाली आणि तेव्हापासून तो २०२२चा पहिला असं सगळ्यांनी धरून ठेवलं. पण पहिली निवड म्हणजे पंधराव्या वर्षी केलेल्या पराक्रमाचं बक्षीस नव्हे. हा पोरगा चोविसाव्या वर्षी कोण असेल, यावर आपण पैज लावतोय. स्लाफ्कोव्स्की सहा फूट चार इंचांचा आहे आणि वर्षभर फिनलंडमध्ये बाप्या माणसांशी खेळलाय. बीजिंग ऑलिंपिकमध्ये सात सामन्यांत सात गोल केले. कांस्यपदकाच्या सामन्यात स्वीडनला ४-० हरवलं, त्यातले दोन त्याचे. स्लोव्हाकियाचं हॉकीतलं ते पहिलं ऑलिंपिक पदक, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हा सतरा वर्षांचा मुलगा.

तो सामना मी रेकॉर्ड करून ठेवलाय. त्याचे गोल बाजूला ठेवा आणि बोर्डलगतचा (रिंकच्या कडेच्या भिंतीलगतचा) खेळ बघा. पाठीवर एक डिफेन्समन आहे, एका हातात स्टिक, दुसरा हात मोकळा ठेवून तो त्या माणसाला नुसता अडवून धरतो. पक (खेळायची रबरी चकती) पायापाशीच. तीन सेकंद, चार सेकंद. तेवढ्यात बाकीचे दोघं मोकळ्या जागेत पोचलेले असतात. आपले कॉफील्ड आणि सुझुकी दोघेही अंगानं लहान. त्यांच्या शेजारी असा माणूस हवा.

---

किंग्स्टनचा शेजारी (२ जुलै)

लाशीनकर, तुमच्या लिहिण्यात जीव आहे, पण मुद्दा पटला नाही.

ऑलिंपिकमध्ये यंदा एनएचएलचा एकही खेळाडू नव्हता. सात सामने म्हणजे दोन आठवडे. त्याच्या लीगचे आकडे का दिले नाहीत? ३१ सामने, पाच गोल, पाच असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत). वर्षभराचा हिशोब दहा पॉइंट्स आहे, आणि तुम्ही दोन आठवड्यांवर पुढची पंधरा वर्षं ठरवताय.

मी किंग्स्टनला राहतो, राइटचा ओएचएलचा संघ इथलाच. राइटचे निदान वीस सामने रिंकवर बसून पाहिलेत. पहिल्या वर्षी ५८ सामन्यांत ३९ गोल केले, पंधराव्या-सोळाव्या वर्षी! यंदा ६३ सामन्यांत ९४ पॉइंट्स. त्याचा फटका जवळून पाहिला पाहिजे. पास येतो तेव्हा स्टिकचं पातं बर्फावरून उचललंच जात नाही, जरासं आत वळतं आणि पक गेलेला असतो. गोलीचे, म्हणजे गोलरक्षकाचे, खांदे त्यानंतर हलतात. आणि पक गेला की तोच आधी मागे वळतो. अठराव्या वर्षी आपल्या गोलपुढची जागा न सांगता सांभाळणारे किती पाहिलेत तुम्ही?

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो सेंटर आहे. विंगर एक कड सांभाळतो, सेंटर दोन्ही टोकांना जातो. फेसऑफ (खेळ सुरू होताना पकसाठीची झटापट) त्याचा, खाली येऊन डिफेन्समनला मदत करणं त्याचं. गेल्याच आठवड्यात कोलोरॅडोनं कप उचलला. २०१३ मध्ये पहिला घेतलेला मॅकिनन नसता तर उचलला असता का?

---

निळी रेघ (२ जुलै)

मॅकिननचं नाव घेता तर मकारचंही घ्या. कोलोरॅडोकडून बाद फेऱ्यांचा मानकरी तोच ठरला, तो डिफेन्समन आहे आणि २०१७ मध्ये चौथा गेला होता. रांतानेन दहावा. टँपाचा ब्रेडन पॉइंट ७९वा, कुचेरोव्ह ५८वा. सेंटर हवा म्हणून सेंटर घेणं आपण २०१८ मध्ये करून बसलोय. तिसऱ्या नंबरवर कोटकानिएमी घेतला, कारण तो सेंटर. चौथ्या नंबरवर ओटावानं ब्रेडी ट्काचुक घेतला, तो आज त्यांचा कॅप्टन आहे. आपला गेल्या वर्षी कॅरोलायनाला गेला.

---

किंग्स्टनचा शेजारी (३ जुलै)

कोटकानिएमी आणि राइट यांची तुलना करू नका. कोटकानिएमीचं नाव ड्राफ्टच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत वर चढलं. वसंतात एकदम मोठा झालेला युरोपातला मुलगा. ओळखीचं वाटतंय का?

---

लाशीनकर (३ जुलै)

हा वार बसला, मान्य. पण कोटकानिएमीला अठराव्या वर्षीच वर घेऊन पहिल्या दिवसापासून मोठ्या माणसांत ढकललं, ती चूक निवडीपेक्षा वाढवण्यातली होती असं मला अजूनही वाटतं.

आणि आता तो कारभार बदललाय. फेब्रुवारीत मार्टिन सेंट लुई कोच झाले. त्याआधी कॉफील्डचे ३० सामन्यांत एक गोल, नंतर ३७ सामन्यांत २२. पोरगा तोच, स्टिक तीच. सेंट लुईंना स्वतःला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं आणि आज ते हॉल ऑफ फेममध्ये आहेत. कच्चा माल घडवू शकणारा माणूस घरात आहे म्हणूनच मी म्हणतो, ज्याच्यात वाढायला सगळ्यात जास्त जागा आहे तो घ्या.

---

दोन गोलींची आई (३ जुलै)

मी एरवी फक्त वाचते, पण आज लिहावंसं वाटलं. माझी दोन्ही मुलं लावालमध्ये खेळतात. सकाळी साडेपाचला रिंकवर असतो आम्ही. मुलं बर्फावर, मी काचेमागे थर्मासमधला चहा घेऊन.

राइटबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही. २०२०-२१ चा ओएचएलचा मोसम करोनामुळे अख्खा रद्द झाला. सोळा-सतरा वय म्हणजे मूल आठवड्या-आठवड्याला बदलतं. माझ्या थोरल्याचं ते वर्ष गेलं, त्याला पुन्हा लय सापडायला आठ महिने लागले, आणि तो काही राइट नव्हे. राइटनं त्या वर्षात फक्त टेक्सासमधली अठराखालील जागतिक स्पर्धा खेळली. संघाचा कॅप्टन होता, पाच सामन्यांत चौदा पॉइंट्स केले आणि सुवर्णपदक घेऊन आला. मग यंदा सुरुवातीला जरा अडखळला, तर लगेच ‘याच्यात भूक नाही’ असं लोक लिहू लागले. अठरा वर्षांच्या मुलाबद्दल! ज्यांनी त्याला तीन वर्षं डोक्यावर घेतलं, तेच आता खाली उतरवतायत, कारण तेच तेच नाव ऐकून कंटाळा आला. मुलाचं खेळणं कमी झालेलं नाही.

राइट घ्यावा असं माझं मत.

---

निळी रेघ (३ जुलै)

ताई, तुमचं बरोबर आहे, भुकेबद्दलचं बोलणं मलाही आवडत नाही. पण खास परवानगी मिळाली म्हणजे पुढचं सगळं ठरलं असंही नाही. टवारेस, एकब्लाड, मॅकडेव्हिड यांना ती मिळाली आणि तिघेही पहिले गेले. शॉन डेलाही तीच परवानगी मिळाली होती, तो २०१६ मध्ये ८१वा गेला.

आणि ते गेलेलं वर्ष स्लाफ्कोव्स्कीनं कसं काढलं तेही बघा. लहान वयात घर सोडून आधी ऑस्ट्रियाला, मग फिनलंडला. तिथली भाषा येत नाही, जेवण वेगळं. मेमध्ये जागतिक स्पर्धेत मोठ्यांच्या संघातून आठ सामन्यांत नऊ पॉइंट्स केले, म्हणजे नुसते ऑलिंपिकचे दोन आठवडे नाहीत.

---

बर्फवेडा पुणेकर (४ जुलै)

मी पुण्यातून बघतो, आयुष्यात एकदाही खऱ्या बर्फाच्या रिंकवर पाय ठेवलेला नाही, तरी लिहितो. लोगन कूलीचं नाव कुणीच का घेत नाही? तोही सेंटरच, आणि स्केटिंग तिघांत सरस. वळताना वेग कमी होत नाही त्याचा. उंची पाच फूट दहा म्हणून मागे टाकलाय काय? सेंट लुई तर त्याहून दोन इंच बुटके.

---

लाशीनकर (४ जुलै)

कूली मला फार आवडतो. राइट की कूली असा प्रश्न असता तर मी खरोखर अडलो असतो. पण तो मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळणार आहे, आणि आपल्या पुढच्या फळीत बारकी, चपळ पोरं आधीच आहेत. वाट बघायला हरकत नाही, पण तशीच चौथी वस्तू घरात आणायला आहे.

---

व्हर्डनचे काका (५ जुलै)

मी १९७४ पासून या शहरात आहे. तुम्हा सगळ्यांना १९८० ची गोष्ट सांगायला हवी.

त्या वर्षी पहिली निवड आपली होती. एकीकडे रेजायनाचा डग विकनहायझर, मोठ्या अंगाचा सेंटर, त्या मोसमात ८९ गोल. सगळ्यांच्या यादीत पहिला. दुसरीकडे डेनी साव्हार, आमच्या व्हर्डनमध्ये वाढलेला, इथल्याच ज्युनियर संघाचा, लहान चणीचा. त्याला बघायला मी मित्रांबरोबर जायचो. ब्लू लाइनवर (रिंकवरच्या निळ्या रेघेवर) पक घेऊन तो जागच्या जागी गिरकी घ्यायचा आणि समोरचा माणूस रिकाम्या हवेला धरायचा. आम्हाला वाटलं, हा आपलाच. क्लबनं विकनहायझर घेतला. साव्हार तिसरा शिकागोला गेला आणि तिथं त्यानं नाव काढलं. कारकिर्दीत १३३८ पॉइंट्स. विकनहायझरचे २७६. १९९० मध्ये त्याच साव्हारला परत आणायला आपण आपला डिफेन्समन चेलिओस देऊन बसलो.

विकनहायझर बिचारा वाईट खेळाडू नव्हता. या शहरानं त्याला रोज साव्हारच्या तराजूत तोललं आणि तो पोरगा त्यातच दबला. १९९९ मध्ये ३७ व्या वर्षी कॅन्सरनं गेला. मला अजून वाईट वाटतं, कारण त्याला शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हा गुरुवारी कुणालाही घेतलं, तर दुसऱ्याचं नाव त्याच्या तोंडावर मारू नका. पण मत विचाराल तर मी यादीवर जाणार नाही. यादीतला पहिला घेऊन आम्ही एकदा हात पोळून घेतलेत. स्लोव्हाक पोरगा घ्या.

---

किंग्स्टनचा शेजारी (५ जुलै)

काका, तुमच्या गोष्टीपुढे वाद घालायला जड जातं. पण त्यातला दुसरा अर्थही बघा. तेव्हा क्लबनं अंगापिंडानं मोठा होता म्हणून विकनहायझर घेतला, आणि खेळाची समज असलेला हातचा घालवला. यंदा अंगानं मोठा कोण आहे?

---

व्हर्डनचे काका (५ जुलै)

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रात्रभर विचार करतो.

---

बर्फवेडा पुणेकर (८ जुलै)

इकडे पहाटे साडेचारला सुरू झालं. आई उठून विचारायला आली, कुणाचा निकाल आहे म्हणून.

स्लाफ्कोव्स्की! पाठोपाठ न्यू जर्सीनं नेमेच घेतला. पहिले दोन्ही स्लोव्हाक. याआधी त्यांच्यातला सगळ्यात वर गेलेला गाबोरिक, २००० मध्ये तिसरा. कूली तिसरा अ‍ॅरिझोनाला. राइट चौथा, सिअ‍ॅटल.

---

लाशीनकर (८ जुलै)

मी आत होतो, वरच्या मजल्यावर. नाव पुकारलं तेव्हा आधी एक मोठा हुंकार उठला, मग टाळ्या. माझ्या शेजारचा राइटचा नंबर छापलेली जर्सी घेऊन आला होता, तो गप्प खाली बसला. मला आनंद झाला, पण तेव्हा ओरडता आलं नाही.

आणि शेजारी, तुमच्या मुद्द्यालाही आज उत्तर मिळालंय. आपल्या डिफेन्समन रोमानोव्हला आयलँडर्सकडे देऊन तेरावी निवड घेतली आणि ती शिकागोला देऊन कर्बी डाख आणला. सेंटर, सहा फूट चार, २०१९ चा तिसरा. म्हणजे सेंटरची भूक त्यांनाही दिसत होती.

---

किंग्स्टनचा शेजारी (८ जुलै)

डाखचं मनगट दीड वर्षापूर्वी मोडलं होतं, तेव्हापासून तो पूर्वीसारखा खेळलेला नाही. ज्याच्या मनगटाला काही झालेलं नाही असा सेंटर फुकट मिळत होता. माझं मत बदललेलं नाही.

राइट पायऱ्या चढून गेला ते तीनदा बघितलं. जर्सी अंगात घालताना कॉलर अडकली, ती सरळ करायला त्याला जरा वेळ लागला. सप्टेंबरात सिअ‍ॅटलचे सामने लावणार आहे. स्लाफ्कोव्स्कीचेही बघणार, आणि काकांनी सांगितलंय तसं त्याच्या तोंडावर दुसरं नाव मारणार नाही.

---

दोन गोलींची आई (८ जुलै)

धाकटा सकाळी रिंकवर निघताना विचारत होता, स्लाफ्कोव्स्की कसं लिहायचं. स्टिकच्या टेपवर लिहायचंय म्हणे. लिहून दिलं.