वधस्तंभावरचे सात उद्गार : सगळे एकत्र वाचायचेच कशाला?

कृष्णाकाठ (सांगली)
उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बारा ते तीन उपासना असते. सात वक्ते, येशूने वधस्तंभावरून (क्रुसावरून) काढलेले सात उद्गार, मधून मधून गीतं. माझं मत असं की ही रीत आता थांबवावी.

मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांनी येशूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं लिहिली. हे सातही उद्गार त्यांतल्या एकाही शुभवर्तमानात एकत्र नाहीत. तीन लूकचे, तीन योहानाचे. मार्क आणि मत्तयाकडे एकच : ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मार्कचा येशू तेवढंच बोलतो आणि मोठी आरोळी मारून प्राण सोडतो. ना क्षमेचा शब्द, ना सुखलोकाचं वचन. आपण मात्र ती किंकाळी चौथ्या नंबरला बसवतो. तिच्याआधी लूकची क्षमा होऊन गेलेली असते, नंतर योहानाचं ‘पूर्ण झाले आहे’ येतं. शेवटाला लूकचंच ‘आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’. मग त्या किंकाळीने कुणाला धक्का बसणार? चौघांनी चार येशू रंगवले आणि आपण पाचवाच उभा केला, जो कुणीच लिहिलेला नाही.

शेवटचा बाक (मिरज)
चार येशू नाहीत हो, येशू एक, साक्षीदार चार. कोर्टात चार जबान्या झाल्या तर न्यायाधीश एकच ऐकून उठतो का?

आणि ती ‘किंकाळी’ म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो. यहुदी माणसाला पहिली ओळ ऐकून पुढचं सगळं आठवणारच.

कृष्णाकाठ
शेजारी उभ्या असलेल्यांना तरी आठवलं नाही. ‘एलोई’ (माझ्या देवा) ऐकून ते म्हणाले, हा एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय.

आणि पुढचं सगळं गृहीतच होतं, तर लूकने ती ओळ का गाळली? लिहिताना मार्कचं पुस्तक त्याच्यासमोर होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने २२वं स्तोत्र काढून ३१व्यातली ओळ घातली. मत्तयही असाच हात फिरवतो. नासरेथात, येशूच्या स्वतःच्या गावात, त्याला महत्कृत्य (चमत्कार) ‘करता आलं नाही’ असं मार्क म्हणतो. मत्तय म्हणतो, त्यांच्या अविश्वासामुळे त्याने तिथे फारशी केली नाहीत. पहिल्याच वाचकांना मार्कचा येशू टोचला होता, हे यातून दिसतंच की.

अजिंक्यतारा (सातारा)
मी ख्रिस्ती नाही, घरी वारी आहे. देवाला जाब विचारला म्हणून एवढा गहजब का? जनाबाई विठ्ठलाला शिव्याच घालते. आम्ही त्या अभंगात गातो.

शेवटचा बाक
दादा, जनाबाई भक्त. इथे ज्याला आम्ही देवाचा पुत्र म्हणतो तोच विचारतोय. फरक पडतो.

रिटायर्ड बाई (तासगाव)
कृष्णाकाठ, तुम्ही मार्कला माणूस येशू देऊन टाकलात आणि योहानाला देव येशू. वाटणी फार सोपी केलीत. दुसऱ्याच अध्यायात मार्कचा येशू पापांची क्षमा करतो आणि शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार) म्हणतात, हा दुर्भाषण, म्हणजे देवाची निंदा, करतोय, हे देवाशिवाय कोण करणार? उलट योहानाचा येशू विहिरीवर दमून बसतो, मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी रडतो. ‘मला तहान लागली आहे’ हेही योहानच लिहितो, मार्क नाही.

कृष्णाकाठ
बाई, तहानेचं मान्य. पण येशूला अटक झाली ती गेथशेमाने बाग बघा. मार्कमध्ये तो जमिनीवर पडून विनवतो, हा प्याला, म्हणजे हे दुःख, माझ्यापासून दूर कर. योहानात जमिनीवर कोण पडतं? धरायला आलेले लोक! आणि तोच प्याला तिथे कसा येतो? ‘पित्याने दिलेला प्याला मी पिऊ नये काय?’ मार्कमध्ये वाटेवरच्या एका माणसाला, कुरेनेकर शिमोनाला, धरून त्याच्याकडून वधस्तंभ वाहवतात, योहानात येशू स्वतः वाहतो.

चारांचं एक करायचा प्रयत्न जुनाच आहे. इ.स. १७०च्या सुमारास तातियान नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमानं गुंफून एक सलग कथा केली. सीरियातल्या मंडळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली. पाचव्या शतकात तिथल्याच बिशपांनी ती मागे घेऊन चार वेगळी पुस्तकं परत आणली. आपण दर उत्तम शुक्रवारी तातियानच होतो.

शेवटचा बाक
अर्धीच गोष्ट सांगितलीत. चार ठेवली, पण एका जिल्दीत ठेवली. एकट्या मार्कवर समाधान असतं तर बाकीची तीन कशाला जपली असती? मार्कचा शेवटसुद्धा बघा. सर्वांत जुन्या प्रतींत बायका घाबरून कबरेपासून पळतात आणि संपलं. तो शेवट लोकांना इतका उघडा वाटला की पुढे बारा वचनं जोडली गेली.

आणि उपासनेला कोण येतं, तेही बघा. नवरा जाऊन महिना न झालेली बाई समोर बसलेली असते. तिला ‘देवाने टाकलं’ एवढंच ऐकवून घरी पाठवू?

कृष्णाकाठ
तिलाच ते ऐकायचं असेल. ‘क्षमा कर’ तिला सगळ्यांनी ऐकवून झालंय.

रिटायर्ड बाई
हे मात्र मला पटलं. तरी जनाबाईचा मुद्दा तुम्ही दोघांनीही झटकलात, तो परत वाचा.

चर्चगेट नव्हे (सांगली)
आम्ही कॅथलिक. आमच्याकडे तीन वर्षांचं चक्र असतं. उत्तम शुक्रवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी त्या वर्षीच्या पाळीप्रमाणे मत्तय, मार्क किंवा लूक यांनी लिहिलेलं येशूचं दुःखसहन वाचतात, आणि उत्तम शुक्रवारी दरवर्षी योहान. पाच दिवसांत दोन वेगळे येशू ऐकतो. अजून कुणाची श्रद्धा डळमळली नाही, खरं सांगायचं तर फारसं कुणाच्या लक्षातही येत नाही.

कृष्णाकाठ
म्हणजे मार्क तीन वर्षांतून एकदा, तोही रविवारी. शुक्रवारी कधीच नाही. बघा.

शेवटचा बाक
आता कळलं. तुम्हाला चार येशू नकोतच, तुमचा एकच हवाय. आम्ही सात वाचतो म्हणून आमच्यावर आरोप, आणि तुम्ही सहा गाळायला निघालात.