मिक्सिंग शिकतोय, पण आवाज कोंदटच राहतो. सुरुवात कुठून करू?

अर्धीतान

नमस्कार मंडळी. मी गिटार वाजवतो, स्वतःच्या गाण्यांना चाली लावतो आणि गेले आठ महिने नोकरी सांभाळून रात्री घरीच रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग (रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं) शिकतोय. सामान मोजकंच आहे: एक कंडेन्सर माईक, दोन इनपुटचा इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), क्लोज्ड-बॅक हेडफोन आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. खोली ३ मीटर बाय ३.५ मीटर.

पहिलं गाणं पूर्ण करायला घेतलं आणि तिथेच अडकलोय. एक गिटार, एक आवाज, दोन ठिकाणी जोडीला दुसरा आवाज, बस. हेडफोनवर ठीक वाटतं. गाडीत लावलं की गिटार नुसती घुमते, त्यातही जी कॉर्ड आली की बाकी सगळं गिळून टाकते. फोनवर लावलं तर शब्द कळत नाहीत. आवाज कोंदट, डब्यात तोंड घालून गातोय असा. ३०० हर्ट्झला कापलं तर किडकिडीत झाला. ३ किलोहर्ट्झला उचललं तर टोचायला लागला. मग मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर, मग वरून रिव्हर्ब, म्हणजे जागेची घुमक. असं करता करता मिक्सच्या चौदा आवृत्त्या झाल्या.

परवा बहिणीला चौदावी ऐकवली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "चाल सुचली तेव्हा तू फोनवर गाऊन पाठवली होतीस ना, तीच जास्त छान वाटते." ती फाईल पुन्हा काढून ऐकली. तिचं खरं आहे. त्यात खरखर आहे, पण माणूस गातोय हे कळतं.

त्या रात्रीनंतर प्रोजेक्ट उघडलेला नाही. हे मनापासून शिकायचंय मला. कुणी वाट दाखवेल का?

मध्यलय

आधी दोन गोष्टी सांगा. रेकॉर्ड करताना मीटर कुठपर्यंत जातो? आणि माईक नेमका कुठे असतो, तोंडापासून किती लांब?

अर्धीतान

मीटर लाल होण्याच्या जरा अलीकडे, -३ डेसिबलपर्यंत जातो. सिग्नल जितका मोठा तितकी खरखर कमी, असं वाचलं होतं. माईक टेबलावरच्या छोट्या स्टँडवर, तोंडापासून वीतभर. गिटारलाही तोच, भोकाच्या बरोबर समोर. टेबल कोपऱ्यात आहे, मी कोपऱ्याकडे पाठ करून बसतो. कॉम्प्युटरचा पंखा माईकच्या पाठीमागे राहावा म्हणून तसं केलंय.

मध्यलय

गेन, म्हणजे माईकचा सिग्नल किती वाढवायचा ती खुंटी, उतरवा. तो सल्ला टेपच्या काळातला. टेपची स्वतःची सुरसुर असायची, म्हणून आवाज तिच्या वर काढावा लागे. तुमचा इंटरफेस २४ बिटवर चालत असेल, नसेल तर आजच बदला. १६ बिटमध्ये सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर बसतं, २४ बिटमध्ये कागदावर १४४. एवढी जागा असताना काठावर कशाला चालायचं? सगळ्यात जोरात गायलेली ओळ -१२ ते -१० च्या आसपास राहिली की झालं. माझा अनुभव असा, की मीटर लाल होईल या धाकाने आपण वरच्या सुरावर नकळत आवाज आवरतो, आणि ते आवरणं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

माईकच्या जागेबद्दल जुनीटेप ताईंनी लिहावं. त्यांचा त्यात हात धरणारं इथे कुणी नाही.

जुनीटेप

अर्धीतान, तुमची अडचण मिक्सिंगची नाहीच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? चौदा आवृत्त्यांत तुम्ही जे शोधत होतात ते मुळात रेकॉर्डच झालेलं नाही.

मी हे शिकले चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर. टास्कॅमने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ आणला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरी भरता यायला लागले. माझं मशीन त्याच जातीचं, कुणीतरी वापरून दिलेलं. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, आणि मग आधीचे तीन पुसून त्यांवर पुढचं भरायचं. एकदा उतरवलं की गिटार परत वेगळी काढता येत नसे. एकदा घुमणारी गिटार तशीच उतरवली. म्हटलं, आवाज चढला की झाकली जाईल. नाही झाकली गेली. दोन आवाज तिच्याबरोबर बांधले गेले होते, आणि त्यातला एक इतका मनासारखा लागला होता की तसा मला पुन्हा कधी लागला नाही. ती कॅसेट अजून जपून ठेवली आहे. तेव्हापासून माझी संध्याकाळ माईकची जागा शोधण्यात गेली तरी मला ती वाया गेली असं वाटत नाही.

आता तुमच्या टेबलाकडे या. तोंड आणि माईक दोन्ही टेबलापासून २५ सेंटिमीटर वर आहेत, दोघांत २० सेंटिमीटर अंतर आहे, असं धरा. आवाज सरळ माईकमध्ये जातो तो २० सेंटिमीटर चालून. तोच आवाज टेबलावर आपटून जातो तो जवळजवळ ५४ चालून. फरक ३४ सेंटिमीटरचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दुसरी प्रत पहिलीपेक्षा एक मिलिसेकंद उशिरा पोचते. ती वेगळी ऐकू येत नाही, पण पहिलीत मिसळून ५०० हर्ट्झला खड्डा पाडते, मग १५०० ला, मग २५०० ला. मधल्या १००० आणि २००० ला उलट उंचवटे. कंगव्याच्या दातांसारखं. तुम्ही ज्याला 'डब्यातला आवाज' म्हणताय त्याचा मोठा भाग हाच असणार. आणि इक्यूने, म्हणजे ठरावीक हर्ट्झला कापून-उचलून, हे खड्डे बुजत नाहीत, कारण गाताना मान दोन बोटं हलली तरी खड्डे जागा बदलतात. तुम्ही एका जागी भरताय, तो दुसरीकडे गेलेला.

फोनवरच्या फाईलमध्ये माणूस ऐकू येतो, कारण तेव्हा तुम्ही बहुधा फोन हातात धरून, टेबलापासून दूर, मोकळे गात होतात.

जी कॉर्डचं कोडंही सुटतं. ३.५ मीटर लांबीच्या खोलीचा स्वतःचा पहिला घुमार येतो ४९ हर्ट्झला, दुसरा ९८ ला. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीत वाजतो तो जी बरोबर ९८ हर्ट्झचा! तुमची खोली तो सूर तुमच्याबरोबर गाते. कोपऱ्यात प्रत्येक घुमार सगळ्यात जोरात असतो, आणि तुम्ही नेमके तिथे बसता. भर म्हणून माईक भोकासमोर, जिथून गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपासच सगळ्यात जास्त बोलते. तिन्ही गोष्टी एकाच सुरावर येऊन बसल्यात.

म्हणून असं करून बघा. आज रेकॉर्डिंग नकोच. गिटार गळ्यात घाला, तो जी सूर वाजवत राहा आणि खोलीच्या लांबीत सावकाश चाला. भिंतीपाशी तो फुगेल. भिंतीपासून साधारण ८५-९० सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या पाव भागाशी, तो एकदम शहाण्यासारखा वागेल. माईक तिथे यायला हवा. मधोमध बरं असेल असं वाटतं, पण हा दुसरा घुमार मध्यावर पुन्हा जोर धरतो.

मग उभं राहायचा स्टँड घ्या, टेबल सोडा. गिटारला माईक बाराव्या पट्टीच्या समोर, २५-३० सेंटिमीटरवर, किंचित भोकाकडे कललेला. आवाजाला वीतभर ते दीड वीत. त्याहून जवळ गेलात तर कार्डिऑइड (समोरून जास्त ऐकणारा) माईक खालचे सूर फुगवतो. एखादी कुजबुजती ओळ असेल तर त्याचा मुद्दाम उपयोग करता येतो, अख्खं गाणं तसं गायलं तर जड होतं. 'प', 'ब', 'भ' फुटत असतील तर माईक तोंडाच्या थोडा बाजूला घेऊन तोंडाकडे वळवा.

अजून एक. सगळे जण गायकाच्या समोरच्या भिंतीला काहीतरी लावतात. माईकचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे त्याला दिसते ती तुमच्या पाठीमागची भिंत. जाड रजई तिथे टांगा, तुमच्या मागे. खालचा घुमार रजईने जाणार नाही, त्यासाठी जागाच बदलावी लागते. पण वरचा चरचरीतपणा जाईल.

हे सगळं झालं की गाणं पुन्हा गा. जुन्या रेकॉर्डिंगमधलं काहीही ठेवू नका, एक शब्दसुद्धा. मिक्सिंगचं आपण नंतर बोलू.

अर्धीतान

ताई, तुमचं उत्तर वाचून उठलो आणि गिटार घेऊन खोलीभर चाललो. जी सूर भिंतीपाशी अंगावर येतो आणि पावलाभरात खरंच निवतो. आठ महिने मी याच खोलीत बसतोय आणि हे मला माहीत नव्हतं!

एक अडचण आहे. गाताना हेडफोनमध्ये माझा आवाज मला किंचित उशिरा ऐकू येतो, त्यामुळे लय मागे पडते.

कानोसा

बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने गोळा करून पुढे पाठवतो तो आकडा, किती ठेवलाय? १०२४ असेल तर ४४.१ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४४,१०० नमुने) एका फेरीचे २३ मिलिसेकंद, आणि आवाजाला आत येऊन पुन्हा बाहेर जायचं असतं. रेकॉर्ड करताना १२८ करा, मिक्सला बसलात की परत वाढवा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण किंवा खुंटी असेल तर तीच वापरा, मग कॉम्प्युटर मध्ये येतच नाही. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग मात्र बंद हवं, नाहीतर दोन आवाज ऐकू येतील.

अर्धीतान

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं. गिटारला दोन रात्री, आवाजाला चार. एकही प्लगइन (आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर) न लावता फक्त दोन फेडर (पातळीच्या सरकपट्ट्या) वरखाली केले आणि तसंच गाडीत जाऊन ऐकलं. शब्द कळतात. जी कॉर्ड इतर कॉर्डसारखीच वाजते. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तीनदा ऐकलं.

आता मिक्सला हात लावू का? की असंच राहू देऊ?

जुनीटेप

लावा, आता लावायलाच हवा. आधी फक्त फेडर, आणि सगळं मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकच करून. गिटार बंद करून आवाज ऐकायचा मोह होईल, पण इक्यूचा निर्णय दोन्ही चालू असतानाच घ्या. एकटा सुंदर वाटणारा आवाज गिटारबरोबर हरवू शकतो. आवाजाला ८० हर्ट्झच्या खाली कापा, तिथे पंखा आणि पावलं सोडून काही नसतं. शब्द बुडताहेत असं वाटलं तर आवाज उचलण्याआधी गिटारला २ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात रुंद हाताने दोनेक डेसिबल खाली घ्या.

कॉम्प्रेसर कानाने शिका. मुद्दाम अति करा: रेशो (किती दाबायचं) ४:१, थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीपासून दाबायचं) इतका खाली की सुई १० डेसिबल दाबेल. आता अटॅक (दाबायला किती वेळात लागायचं) १ मिलिसेकंदावरून सावकाश ३० पर्यंत न्या. 'क', 'त', 'ट' आधी बोथट असतील आणि हळूहळू त्यांची धार परत येईल. ते एकदा ऐकू आलं की विसरत नाही. मग थ्रेशोल्ड वर घ्या, ३-४ डेसिबलच दाबू द्या. आणि काहीही लावल्यावर आवाजाची पातळी आधीइतकी करूनच तुलना करा. एक डेसिबल मोठं झालेलं कानाला चांगलंच वाटतं, मी अजून त्यात फसते.

रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर, सेंडने, म्हणजे आवाजाची प्रत तिकडे पाठवून. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा थांबा) ३० मिलिसेकंद ठेवलात तर शब्द पुढे राहतो आणि जागा त्याच्या मागे उघडते.

कानोसा

ताईंच्या म्हणण्यात एक भर. बराच वेळ हळू आवाजात ऐका, पण बासचा निकाल हळू आवाजात लावू नका. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढले होते. रात्री घरच्यांना त्रास नको म्हणून मी महिनोन्‌महिने हळू मिक्स केलं आणि प्रत्येक गाण्यात बास चढवून ठेवला. आता सुट्टीच्या दिवशी दुपारी अर्धा तास मोठ्याने ऐकून तेवढं दुरुस्त करतो.

अर्धीतान

हे सगळं करून सातवी आवृत्ती झाली. एकच गोष्ट खटकते. दुसऱ्या कडव्यात 'स' आणि 'श' शिट्टीसारखे येतात. डी-एसर (टोचणारे 'स' आपोआप दाबणारं प्लगइन) ६ किलोहर्ट्झला लावला तर शिट्टी जाते, पण बाकीची ओळ तोतरी होते.

जुनीटेप

डी-एसर काढा. त्या कडव्यातले 'स' मोजा, फार तर पंधरा-वीस असतील. वेव्हफॉर्म मोठा करा, 'स' जाड, दाट पट्ट्यासारखा वेगळा दिसतो. तेवढाच तुकडा कापून ४ डेसिबल खाली, दोन्ही टोकांना बारीक फेड. एकेक करत जा. अर्धा तास लागेल.

अर्धीतान

सतरा होते. चाळीस मिनिटं लागली. फाईल बहिणीला पाठवलीय.