स्टेज प्रेझेन्स शिकवता येतो

'स्टेज प्रेझेन्स उपजतच असावा लागतो, शिकवून येत नाही' असं मत नेहमी ऐकू येतं, ते मला अर्धंच पटतं. (स्टेज प्रेझेन्स म्हणजे मंचावर उभं राहून प्रेक्षकांना धरून ठेवण्याची ताकद.) बेली डान्सचंच बघा. नर्तकी बदिया मसाबनीने १९२६ साली कैरोत नाइटक्लब काढला. तहिया कारिओका, सामिया गमाल यांच्यासारख्या नर्तकी तिथेच पुढे आल्या. गुण अंगात असतीलही, पण रोज प्रेक्षकांसमोर उभं राहूनच ते घासून निघतात.

खरी कसोटी तक्सीमला, म्हणजे अरबी संगीतातल्या उत्स्फूर्त एकल वादनाला. ठेका थांबतो, एकच वाद्य संथपणे वाजत राहतं आणि नर्तकी जवळजवळ जागच्या जागी. फक्त कंबर इंग्रजी आठचा (8) आकडा काढते. नवख्यांची इथे तारांबळ उडते. हात उगाच काहीतरी करत राहतात, नजर जमिनीवर नाहीतर स्वतःच्याच पोटाकडे. यावर साधा सराव आहे. आरशाकडे पाठ करायची, समोर एकीला बसवायचं, तिच्या नजरेला नजर देऊन पूर्ण श्वास सोडायचा आणि मगच हलायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण भल्याभल्यांना दोन सेकंद थांबवत नाही! (आणि ते चेहऱ्यावर डकवलेलं हसू, त्यापेक्षा गंभीर चेहरा परवडला.)

रेस्टॉरंटमध्ये प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतात, थिएटरात अंधारात. तिथे नजर शेवटच्या रांगेपर्यंत न्यावी लागते.

करिअरचं म्हणाल, तर कार्यक्रमांचं उत्पन्न बेभरवशाचं. म्हणून बऱ्याच जणी नाचत असतानाच वर्गही घेतात, गुडघे कुरकुरायची वाट बघत नाहीत.